बाहेरची हार्डडिस्क काढताना 'परवानगी नाही' : वाचनालयाचा संगणक, लिनक्स मिंट २१

रोवणा | मंगळवार, संध्याकाळी ५.२०

नमस्कार मंडळी. ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात मी काम करते. आमच्याकडे संगणक एकच आहे. सकाळी अभ्यासिकेतले पोट्टे 'अभ्यास' नावाच्या खात्यातून वापरतात, दुपारी ३ नंतर मी 'ग्रंथालय' या खात्यातून. शाळेतल्या एका सरांनी लिनक्स मिंट टाकून दिलं होतं. प्रशासकाचं खातं त्यांचंच, आणि त्यांची बदली होऊन वर्ष झालं.

आज आले तर संगणकाला आमची १ टीबीची हार्डडिस्क लावलेली. सकाळी कोणीतरी जुन्या प्रश्नपत्रिका घ्यायला कपाटातून काढली आणि 'स्विच यूझर' करून तशीच ठेवून गेले. मी माझ्या खात्यात शिरले. डाव्या पट्टीत डिस्क दिसते, पण उघडत नाही. तिच्या बाजूचा, डिस्क काढायचा बाण दाबला तर पासवर्डाची चौकट येते. वर इंग्रजीत लिहून येतं की दुसऱ्या वापरकर्त्याने माउंट केलेली (म्हणजे जोडून उघडलेली) डिस्क काढायला ओळख पटवावी लागेल. माझा पासवर्ड तिथे चालत नाही. रद्द केलं की 'नॉट ऑथराइज्ड'.

या डिस्कवर गावातल्या डोकऱ्यांनी म्हटलेली रोवण्याची (भातलावणीची) गाणी आहेत, दंडारीचं (इकडच्या लोकनाट्याचं) रेकॉर्डिंग आहे. ६ वर्षांचं काम आहे. गाणाऱ्यांपैकी दोघी आता हयात नाहीत. इकडे सहा वाजता लाइन जाते आणि यूपीएस फार तर १० मिनिटं धरतो. तशीच ओढून काढू का? लवकर सांगा.

तूरडाळ | ५.२६

ताई, डिस्कचा दिवा लुकलुकत नसेल तर काढून घ्या. मी पेनड्राइव्ह रोज तसाच काढतो, आजवर काही झालं नाही.

वऱ्हाडी_टर्मिनल | ५.३१

ताई, काढू नका. आधी एक काम करा. टर्मिनल (आदेश टाइप करायची खिडकी) उघडा, 'सिंक' टाइप करा, एंटर मारा. मी मोबाइलवरून देवनागरीत लिहून राहिलो, तुम्ही आदेश इंग्रजी अक्षरांत टाका : एस, वाय, एन, सी. त्याला प्रशासक लागत नाही, कोणत्याही खात्यातून चालतो. मेमरीत लिहायचं राहिलेलं सगळं तो डिस्कवर उतरवतो. काम झालं की गपचूप पुढची ओळ येते, काही लिहून येत नाही. तेवढं झालं की लाइन गेली तरी धोका पुष्कळ कमी.

तूरडाळ भाऊ, दिवा विझला म्हणजे लिहिणं संपलं असं नसतं. लिनक्स बदललेला मजकूर आधी मेमरीत ठेवतो. साध्या मांडणीत दर ५ सेकंदांनी पाहणी होते, आणि ३० सेकंदांहून जुना झालेला मजकूर डिस्कवर जातो. मधल्या वेळात दिवा शांतच असतो. तुमचं काही बिघडलं नाही कारण तुम्ही थोडं थांबून काढत असाल. ताईंच्या डिस्कवर तो जुगार नको.

ताई, सिंक झालं की फक्त 'माउंट' असा आदेश द्या. मोठी यादी येईल. तिच्यात तुमच्या डिस्कची ओळ शोधून इथे लिहा. आणि 'आयडी' या आदेशाने तुमच्या खात्याचा नंबर कळेल, तोही लिहा.

मास्तर_पुसद | ५.४०

वऱ्हाडी भाऊंचं ऐका, ताई. आमच्या शाळेला ७५ वर्षं झाली तेव्हाचे फोटो मी पेनड्राइव्हवर घेतले होते. कॉपीची हिरवी पट्टी शेवटापर्यंत गेलेली पाहिली आणि काढला. घरी येऊन लावतो तर फायलींची नावं सगळी जागेवर, पण निम्म्याहून जास्त फायली शून्य बाइटच्या. दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो तोवर त्या कॅमेऱ्याचं कार्ड पुसून झालं होतं. जुने हेडमास्तर त्या कार्यक्रमाला आले होते, ते त्यांचं शाळेतलं शेवटचं येणं. ते फोटो कुठेच नाहीत. मी ते अजून विसरलो नाही.

रोवणा | ५.४८

सिंक केलं. दीड-दोन सेकंदांत पुढची ओळ आली.

डिस्कची ओळ अशी आहे : डेव्ह/एसडीबी१, मीडिया/अभ्यास/गाणी वर, प्रकार एक्सफॅट, आणि कंसात बऱ्याच गोष्टींमध्ये यूआयडी=१००२.

माझा यूआयडी १००१ आला.

वऱ्हाडी_टर्मिनल | ५.५९

झालं, चोर सापडला. खरं म्हणजे चोर नाहीच, संगणक त्याचं काम नीट करून राहिला.

सर पहिले, म्हणून ते १०००. तुम्ही १००१. अभ्यासिकेचं खातं १००२. डिस्क १००२ ने लावली आणि ती 'मीडिया/अभ्यास' या फोल्डरात जाऊन बसली. ते फोल्डर फक्त 'अभ्यास' खात्यालाच उघडतं, म्हणून तुम्हाला डिस्क दिसते पण आत जाता येत नाही. (फेडोरा किंवा आर्च या दुसऱ्या लिनक्सांवर हीच जागा 'रन/मीडिया'त असते. तिकडचा कोणी हा धागा वाचत असेल तर घोटाळा नको.)

आता काढायचं. डेस्कटॉपवरून डिस्क लावणं-काढणं हे काम यूडिस्क्स नावाची सेवा करते. कोणत्या नंबरच्या माणसाने डिस्क लावली याची ती नोंद ठेवते. काढायला तोच नंबर आला तर ती काहीच विचारत नाही. दुसरा आला तर पॉलकिटला, म्हणजे परवानग्या तपासणाऱ्या सेवेला, विचारते की याला परवानगी आहे का. पॉलकिटच्या मूळ नियमांत दुसऱ्याची डिस्क काढायला प्रशासकाचा पासवर्ड लागतो. म्हणून ती चौकट. डिस्क खराब नाही, तुमच्या खात्यातही बिघाड नाही.

हा नियम आहे तो बरा आहे. समजा तुम्ही गाणी कॉपी करत आहात, मध्येच पाणी प्यायला उठलात, आणि दुसरा कोणी स्वतःच्या खात्यातून येऊन तुमची डिस्क काढून मोकळा झाला, तर? तेच इथे अडवलं आहे.

आजचा सोपा रस्ता : 'अभ्यास' खात्यात परत जाऊन तिथूनच बाण दाबायचा. त्याचा पासवर्ड कोणाला माहीत आहे? कोणीच सापडत नसेल तर संगणक मेनूतून नीट शटडाउन करा. नीट बंद होताना तो सगळ्या डिस्क स्वतः सोडवतो. पूर्ण बंद झाला की मग वायर काढा. बटण दाबून धरून बंद करणं म्हणजे शटडाउन नाही, ते वायर ओढण्यासारखंच आहे.

तूरडाळ | ६.०४

मी माझा सल्ला मागे घेतो ताई. एवढं माहीत नव्हतं.

पण भाऊ, टर्मिनलातून जबरदस्तीने काढता येते ना? कुठेतरी 'यू-माउंट' या डिस्क काढायच्या आदेशाला एल लावायचं वाचलं होतं.

वऱ्हाडी_टर्मिनल | ६.१०

तो आदेश प्रशासकालाच चालतो, त्यामुळे ताईंना तसाही उपयोग नाही. आणि उपयोग असता तरी मी नको म्हटलं असतं. एल म्हणजे लेझी. त्याने डिस्क फोल्डरांच्या झाडातून गायब होते, पण ज्या प्रोग्रामने फाइल उघडून ठेवली तो आतून तिच्यावर लिहीतच राहू शकतो. आपल्याला वाटतं निघाली, आणि ती निघालेली नसते. नेटवर्कवरचा सर्व्हर मेला, आता काहीच हलत नाही, अशा वेळचं ते औषध आहे. घरच्या डिस्कवर वापरू नका.

त्या आदेशात 'अन' नाही हेही लक्षात ठेवा. यू, मग थेट एमओयूएनटी. नवीन माणूस तिथे हमखास अडखळतो आणि 'आदेश सापडला नाही' असं आलं की परवानगीचाच घोळ समजतो.

रोवणा | ७.३५

लाइन ६.१२ ला गेली. त्याआधी ज्याने डिस्क लावली त्या पोट्ट्याला फोन केला होता, तो सायकलने आला. यूपीएस टूंटूं करत होता. त्याने खातं उघडलं, बाण दाबला, आणि तिथेही निघेना! पण आता पासवर्ड नाही मागितला, वेगळंच आलं : डिस्क 'बिझी' आहे. खाली एका व्हिडिओ प्लेअरचं नाव होतं. बघतो तर दंडारीची एक फाइल अर्ध्यावर थांबवून ठेवलेली. त्याचा आजा त्या दंडारीत नाचायचा, म्हणून बघत होता म्हणाला. प्लेअर बंद केला, परत बाण दाबला, निघाली. संगणकही बंद केला.

डिस्क कपाटात आहे. तुम्हा सगळ्यांचे फार फार आभार. वऱ्हाडी भाऊ, तुम्ही ५.३१ ला उत्तर दिलं नसतं तर मी ओढणारच होते.

वऱ्हाडी_टर्मिनल | ७.५०

बरं झालं. पोट्ट्याला रागावू नका, त्याने बघायला लावली हे चांगलंच आहे.

तुमच्याकडे एकामागून एक दोन वेगळ्या अडचणी आल्या आणि लोक नेहमी त्यांची सरमिसळ करतात, म्हणून लिहून ठेवतो. 'नॉट ऑथराइज्ड' आलं, पासवर्ड मागितला, तर प्रश्न माणसाचा आहे : लावली कोणी? 'बिझी' आलं तर प्रश्न प्रोग्रामचा आहे : धरून कोण बसलं? बिझीला प्रशासकाचा पासवर्ड देऊनही काही होत नाही. थांबलेला प्लेअर, उघडी फाइल, नाहीतर टर्मिनल त्या फोल्डरात उभं असतं. हे शेवटचं माझ्याकडून आठवड्यातून एकदा तरी होतं. नाव दिसलं नाही तर 'एलएसओएफ' किंवा ('एम' लावून) 'फ्यूझर' या आदेशांना डिस्कच्या फोल्डराचा पत्ता द्यायचा, धरून बसलेला प्रोग्राम कळतो.

लोणार_४४ | ८.१५

रोज पोराला बोलावणं काही खरं नाही. यावर कायमचा उपाय आहे. पॉलकिटच्या 'रूल्स डॉट डी' फोल्डरात जावास्क्रिप्टचा पाच ओळींचा नियम टाकायचा : कृती 'फाइलसिस्टम-अनमाउंट-अदर्स' असेल आणि माणूस अमुक गटातला असेल तर 'यस'. माझ्या दुकानात तीन खाती आहेत, दोन वर्षं झाली, कधी चौकट आली नाही. ताई, सरांना फोन करून पासवर्ड घ्या आणि हे करून टाका.

पुण्यातला_वर्धेकर | ९.०२

थोडं वेगळं विचारतो. बाबा हिंगणघाटजवळ गावी असतात, मी इथून एसएसएच करून (नेटवरून लांबून शिरून) त्यांचा संगणक बघतो. खातं तेच, नाव तेच. तरी पेनड्राइव्ह माउंट करायला गेलं की पासवर्ड मागतो. बाबा समोर बसून क्लिक करतात तेव्हा मागत नाही. असं काहून?

वऱ्हाडी_टर्मिनल | ९.२०

कारण बाबा खुर्चीवर आहेत आणि तुम्ही नाही. पॉलकिट फक्त खातं बघत नाही, सत्र बघतो, म्हणजे लॉगिन कुठून झालं ते. संगणकासमोर बसून चालू असलेल्या सत्राला साधी डिस्क लावायची मोकळीक असते. एसएसएचचं सत्र त्यात धरत नाहीत, म्हणून प्रशासकाचा पासवर्ड. बाबांनी लावलेली डिस्क मात्र तुम्ही तिकडून 'यूडिस्क्सकंट्रोल'ने काढून बघा, निघेल. काढताना तो नंबर बघतो, आणि नंबर तुमचा दोघांचा एकच.

रोवणा | बुधवार, संध्याकाळी ४.४०

सरांना फोन लागला. त्यांनी पासवर्ड दिला, वर म्हणाले की मीच देऊन जायला पाहिजे होतं. लोणार भाऊंनी सांगितल्याप्रमाणे नियमाची फाइल केली, दोनदा तपासली, संगणक बंद करून चालू केला. पेनड्राइव्हवर करून पाहिलं (डिस्कला हात लावला नाही). 'अभ्यास'मधून लावला, माझ्या खात्यातून काढायला गेले, तर चौकट तशीच. माझं काय चुकलं?

लोणार_४४ | ५.१०

ताई, फाइल बरोबर आहे. माझीही अशीच आहे. कळेना बुवा.

वऱ्हाडी_टर्मिनल | ५.३५

दोघांचंही बरोबर आहे, आवृत्ती वेगळी आहे. लोणार भाऊ, तुमच्याकडे डेबियन १२ असेल?

लोणार_४४ | ५.३८

हो, १२ च.

वऱ्हाडी_टर्मिनल | ६.०५

तिथेच गाडी अडली. मिंट २१ हे उबुंटू २२.०४ वर उभं आहे, आणि त्यात पॉलकिट ०.१०५ आहे. ही जुनी आवृत्ती डेबियन-उबुंटूवाल्यांनी पुष्कळ वर्षं धरून ठेवली. तिला जावास्क्रिप्टचे नियम कळतच नाहीत. ती फाइल ती उघडून बघत नाही, आणि चूक झाली असंही सांगत नाही. डेबियन १२ मध्ये, म्हणजे २०२३ पासून, नवं पॉलकिट आलं. मिंट २२ हे उबुंटू २४.०४ वर आहे, तिथेही जावास्क्रिप्ट चालतं. इंटरनेटवरचे निम्मे उपाय यामुळेच एकाला लागू पडतात आणि दुसऱ्याला नाही. आदेश उचलण्याआधी आपली आवृत्ती बघायची, हे मी नव्या माणसाला सगळ्यात आधी सांगतो.

तुमच्यासाठी जुनी पद्धत. ईटीसीत पॉलकिट-१, त्यात लोकलऑथॉरिटी, त्यात '५०-लोकल डॉट डी'. तिथे शेवटी 'डॉट पीकेएलए' असलेली फाइल करायची. आत चारच ओळी. पहिली चौकोनी कंसात काहीही नाव. दुसरी 'आयडेंटिटी', तिच्यापुढे यूनिक्स-यूझर, कोलन (इंग्रजी दोन टिंबं) आणि तुमच्या खात्याचं नाव. तिसरी 'ॲक्शन', तिच्यापुढे त्या कृतीचं पूर्ण नाव, 'ओआरजी डॉट फ्रीडेस्कटॉप'पासून सुरू होणारं, जावास्क्रिप्टच्या फाइलीत आहे तेच. चौथी 'रिझल्टॲक्टिव्ह', बरोबर, 'यस'.

लोणार भाऊंनी गटाला परवानगी दिली, मी मुद्दाम एकट्या तुमच्या खात्याला द्यायला सांगतो. पोट्ट्यांनाही दिली तर तुमचं कॉपी चालू असताना ते तुमची डिस्क काढू शकतील, मग कालचा नियम होता कशाला? आणखी एक. हा नियम पेनड्राइव्हपुरता नाही. दुसऱ्याने किंवा खुद्द सिस्टिमने लावलेली आतली डिस्कही यात येते. म्हणून ज्याच्यावर भरवसा आहे त्यालाच द्या. वाचनालयाचा कारभार तुमच्याकडे आहे, तुम्हाला द्यायला हरकत नाही.

तूरडाळ | ६.३०

माझंही विचारून घेतो. व्हिडिओत बघून मी पेनड्राइव्ह 'सुडो माउंट'ने (प्रशासकाच्या अधिकाराने) एमएनटी फोल्डरात लावतो. त्यावर मला फाइल टाकता येत नाही आणि काढतानाही परवानगी नाही म्हणते. सोयाबीनच्या पावत्या टाकायच्या आहेत.

वऱ्हाडी_टर्मिनल | ६.४४

भाऊ, सुडोने लावली म्हणजे रूटने, मुख्य प्रशासकाने, लावली. फॅट आणि एक्सफॅटमध्ये फाइलीचा मालक लिहून ठेवायची सोयच नाही, त्यामुळे जो लावतो तो सगळ्याचा मालक ठरतो. तुमच्याकडे तो रूट. 'सुडो यू-माउंट'ने काढा, पेनड्राइव्ह परत लावा आणि फाइल मॅनेजरमध्ये नुसतं क्लिक करा. सुडो लागतच नाही.

मास्तर_पुसद | ७.१५

माझ्या जुन्या संगणकावर एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे लावायची त्या यादीत) एका डिस्कची ओळ आहे, तिच्यात 'यूझर' लिहिलंय. मी लावलेली डिस्क सूनबाईंना निघत नाही. हे त्यातलंच का?

वऱ्हाडी_टर्मिनल | ७.२२

सर, त्यातलंच, पण उपाय सोपा. 'यूझर' म्हणजे जो लावेल तोच काढेल. शेवटी एस लावून 'यूझर्स' करा, म्हणजे लावली कोणीही तरी काढता कोणालाही येते. सध्या लावलेली असेल तर एकदा काढून परत लावा.

रोवणा | गुरुवार, दुपारी ३.५०

चाललं! पीकेएलए फाइल केली, बंद-चालू केलं, पेनड्राइव्हवर तीनदा पाहिलं. 'अभ्यास'ने लावलेला माझ्या खात्यातून निघतो, माझा मात्र 'अभ्यास'मधून निघत नाही, चौकट येते. हेच पाहिजे होतं. जावास्क्रिप्टवाली फाइल पुसून टाकली.

पोट्ट्यांशी बोलले. उठायच्या आधी बाण दाबायचा, मग खातं बंद करायचं, असं ठरलं. नुसतं लॉगआउट केलं तर पुरतं का?

वऱ्हाडी_टर्मिनल | ४.१५

त्याच्यावर विसंबू नका. लॉगआउट झालं तरी डिस्क त्या खात्याच्या नावाने लागलेली राहू शकते. बाण आधीच दाबायचा.

आणि ताई, एक विनंती. एक्सफॅटला जर्नल नसतं. लिहितालिहिता लाइन गेली तर मधल्या अवस्थेतून सावरायला तिच्याकडे काही नोंद नसते. बाकी संगणकांवर चालते म्हणून तीच ठेवा, पण ६ वर्षांचं काम एकाच डिस्कवर नको. आजच दुसरी डिस्क घ्या आणि ती वाचनालयाच्या बाहेर, कोणाच्या तरी घरी ठेवा.

रोवणा | ४.४०

पंचायतीत विषय काढते. नाही जमलं तर मी माझी घेईन. तोवर गाण्यांचा भाग ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर कॉपी करायला लावला आहे. पट्टी भरली की सिंक, मग बाण.

मास्तर_पुसद | ५.०५

ताई, रोवण्याची गाणी ऐकायला मिळतील का? झाडीपट्टीच्या नाटकांबद्दल इकडे लोकांना आता ठाऊक झालं आहे, २०२३ साली तिथले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पेपरांत पुष्कळ आलं होतं. शेतातल्या गाण्यांचं मात्र आमच्या कापसाच्या मुलखात कोणी ऐकलेलं नाही. माझी आई निंदणाच्या वेळी काही म्हणायची, मला चालीपलीकडे काही आठवत नाही.

रोवणा | ५.३०

नक्की सर. घरच्यांना विचारल्याशिवाय इंटरनेटवर टाकणार नाही, पण तुम्ही आलात तर वाचनालयात बसून ऐका. आणि चाल आठवते तर ती गुणगुणून मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. आमच्याकडे पहिली फाइल अशीच आहे, शब्द नाहीत, ४० सेकंदांची नुसती चाल. शब्द दुसऱ्या डोकरीकडून मिळाले, दोन वर्षांनी.

मास्तर_पुसद | ५.५२

आज रात्रीच करतो.